शिरगावच्या गच्चीवर कुरडयांची फत्ते

श्रीसूर्यनारायण साक्ष. कसबे बदलापूर, मौजे शिरगाव, येथील ‘मोगरा अपार्टमेंट’ नामे चौमजली किल्ल्यावर चैत्रमासी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

तळमजल्याच्या मालकीण वज्रचुडेमंडित वृंदाबाईसाहेब यांणी गहू भिजवून, वाटून, कुरडयांचा चीक शिजविला आणि कढत पातेले व सोऱ्या नामे तोफ घेऊन गच्चीवर कूच केले, तो दरवाजास कुलूप! चीक निवला तर सोऱ्यातून उतरत नाही, मग वर्षाची बेगमी बुडाली आणि मेहनत पाण्यात गेली.

कुलूप चौथ्या मजल्याचे मालक, आनंदनगरच्या कारखान्यातील अंमलदार नरेंद्रराव यांचे. रावांनी फर्माविले की गच्ची आमचे डोक्यावर, सबब आमचीच. बाईंनी उलट जबाब केला की घर ज्याचे त्याचे, परंतु जिना, गच्ची आणि जमीन सर्व मालकांची सामाईक, तींत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, ऐसी इमारतीच्या नोंदणी केलेल्या घोषणापत्राची सनद आहे. मग रावांनी मनाशी मसलत करून कुलूप काढिले, खडू आणिला आणि टाकीच्या गर्द सावलीत इवलासा चौकोन आखिला.

“घ्या काकू, हा तुमचा हिस्सा. आता टेन्शन नाय!”

बाई खो खो हसल्या. “अरे नरेंद्र, अविभक्त म्हणजे तोडून देता येत नाही! या गच्चीच्या वीत वीत जागेत माझा वाटा आहे, आणि तुझा पण.”

ऐसे बोलून बाईंनी ऐन उन्हात ठाण मांडिले आणि सोऱ्या फिरविला. चीक अजून ऊन होता! बाईंस इतका हर्ष जाहला की पदर सावरण्याचे भान राहिले नाही. कुरडयांची पांढरी चक्रे पडो लागली, तोच कावळ्यांची फौज चालून आली. राव जिन्याकडे सटकले, तत्क्षणी बाईंचे फर्मान सुटले की सामाईक जागेचा हक्क तैसाच राखणीचा बोजा, हक्क नको म्हटल्याने बोजा सुटत नाही. राव मुकाट काठी घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या कबिल्याने, उमाबाईंनी, हसू दाबीत छत्री धाडिली.

कुरडया कडकडीत वाळल्यावर रावांनी त्यांत अविभक्त हिस्सा मागितला. बाईंनी निवाडा दिला की गच्ची सामाईक, कुरडया खाजगी. मग चार तळून वर पाठविल्या. येणेप्रमाणे फत्ते जाहली.