मागच्या टायरबाबत सर्वानुमते

मोटारसायकलचा टायर गुळगुळीत झाला की तो बदलावा लागतो, याबद्दल वारज्याच्या सुखदीप सोसायटीत कुणाचंही दुमत नव्हतं. दुमत होतं ते कोणता टायर घ्यावा याबद्दल, आणि आपल्या शहरात एकदा दुमत निघालं की त्याचा पुरता चोथा होईपर्यंत कुणाला अन्न गोड लागत नाही.

गाडी उत्तरेश्वरची. हा लातूरकडचा गडी, शिवणे गावातल्या एका कारखान्यात कामाला. गाडी शंभर सीसीची, तारांच्या चाकांची, वडिलांनी मनसोक्त वापरून मग दिलेली. त्याची बायको पूर्णिमा रोज सकाळी मागच्या सीटवर बसून कर्वेनगरच्या पाळणाघरात कामाला जायची. एके दिवशी पुलाखालच्या वळणावर मागचं चाक घसरलं आणि दोघं पडता पडता वाचली.

"अहो, आधी टायर बदला," ती घरी आल्यावर म्हणाली. "माझी हाडं काही दुकानात मिळत नाहीत. तोवर मी बसनं जाईन."

उत्तरेश्वर लगेच निघाला, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण फाटकाशी बाकडं होतं, आणि बाकड्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बद्रीनाथ आगाशे बसले होते. त्यानं विचारलं, "काका, इथं टायरचं चांगलं दुकान कुठंय?"

ही चूक बाहेरगावचाच माणूस करू शकतो. पुण्यात दुकान विचारावं, पण 'चांगलं' म्हणू नये.

"चांगलं म्हणजे नेमकं कोणत्या अर्थानं?" आगाशे म्हणाले आणि त्यांनी बाजूला सरकून जागा केली.

तेवढ्यात जयसिंगशेठ आले. सोसायटी ज्या वावरात उभी आहे ते वावर मूळ त्यांचं, त्यामुळे इथल्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत आपोआप धरलं जातं. "टायर रुंद पायजे बगा," ते म्हणाले. "गाडी कशी रस्त्याला धरून हाय, असं वाटलं पायजे."

"वाटून काय करता? चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्यात बसायला नको का तो?" आगाशे म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरची सृष्टी आयटीतली, घरूनच काम करणारी. काम सोडून ती गॅलरीतून खाली आली. "दादा, ट्यूबलेसच घ्या. ट्यूबवाले टायर आता कोण वापरतं?"

"तारांच्या चाकाला ट्यूबलेस चालत नाही," उत्तरेश्वर भीत भीत म्हणाला.

"मग चाकं बदला ना. बेसिकली तुमचा इश्यू टायरचा नाहीये."

"मंग गाडीच बदला की," जयसिंगशेठ म्हणाले.

"विषयाला फाटे नकोत. समिती नेमू," आगाशे म्हणाले.

टायर निवड समिती तिथल्या तिथे स्थापन झाली. अध्यक्ष आगाशे, आणि निमंत्रक म्हणून, गाडी त्याचीच असल्यामुळे, उत्तरेश्वरराव. हो, राव. इतकी वर्षं तो 'ते वरचे भाडेकरू' होता. आता जाता-येता लोक हाक मारून बसवून घेऊ लागले, चहा पाजू लागले. बिचाऱ्याला पुण्यात प्रथमच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं, आणि ते फार गोड वाटलं. टायर घेतला की आपण पुन्हा भाडेकरू, हेही त्याला पक्कं कळून चुकलं होतं.

प्रत्यक्ष अनुभवाशिवाय मत देणं आगाशेंच्या शिस्तीत बसत नव्हतं. म्हणून प्रत्येक सभासदानं गाडी चालवून पाहावी असं ठरलं. आगाशेंनी ती डहाणूकर कॉलनीपर्यंत नेली. जयसिंगशेठ लोणी काळभोरला पाव्हण्यांच्या साखरपुड्याला जाऊन आले आणि 'ओझ्याचा अभ्यास' म्हणून येताना मागं वांग्यांचं पोतं घेऊन आले. सृष्टीनं जोरात ब्रेक दाबून व्हिडिओ काढला. पुढच्या बैठकीत टायरची झीज अपेक्षेपेक्षा वेगानं होत असल्याबद्दल समितीनं तीव्र चिंता व्यक्त केली आणि कारणांचा शोध घेण्यासाठी आणखी एक फेरी मंजूर केली.

"टायरचं काय झालं?" पूर्णिमा रोज बसमधून चेंगरून आल्यावर विचारायची.

"अगं, प्रक्रिया चालू आहे."

"प्रक्रियेला हवा कुठून भरतात?"

यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

मग एका सकाळी बसच आली नाही. उशीर झाला, पाळणाघरातून फोनावर फोन. उत्तरेश्वर म्हणाला, "बस मागे. हळू चालवल्यास हरकत नाही, असा समितीनं तात्पुरता निर्वाळा दिलाय." पूर्णिमा बसली. त्याच वळणावर तेच चाक घसरलं. उत्तरेश्वरला काही झालं नाही. तिचं डावं मनगट मोडलं.

संध्याकाळी अख्खी समिती भेटायला आली. लोकांना माया नसते असं कुणी म्हणू नये.

"प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत हवं होतं," आगाशे हात निरखून म्हणाले.

"हल्ली फायबरचं मिळतं, लाइटवेट," सृष्टी म्हणाली.

"आमचा एक हाडवैद्य हाय. तुमी आधी इचारायचं की," जयसिंगशेठांना वाईट वाटलं.

पूर्णिमानं उजव्या हातानं सगळ्यांना चहा दिला. मग आत जाऊन चौकातल्या टायरवाल्याला फोन लावला. "जुन्यावर आहे तोच नंबर. ट्यूब पण नवीन. घरी येऊन बसवा." समितीचा दुसरा चहा व्हायच्या आत टायर बसला.

सगळे खाली उतरले. गाडीभोवती उभे राहिले. आगाशेंनी वाकून टायरवरची अक्षरं वाचली, जयसिंगशेठांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, सृष्टीनं फोनवर काहीतरी तपासून ओठ मुडपले. आणि समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं.

"हा घ्यायला नको होता."

उत्तरेश्वररावांची मानही हलली. पूर्णिमा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, त्या हलणाऱ्या मानेकडं बघत उभी होती.

तुम्ही म्हणाल, काय एकेक नमुने असतात. अगदी खरं. पण वाचता वाचता कोणता टायर घ्यायला हवा होता, हे तुमच्याही मनात पक्कं झालंच असणार. मग या, सरकून बसा, बाकड्यावर जागा आहे. दुखतंय का गं, असं तिला अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही नाही.