पोपटाचा तक्ता

"जिनिंगमधला कोणताबी जुना तक्ता मांगा, चहा थंडा व्हायच्या आत काढून देतो!" सुधाकर छाती फुगवून सांगायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सोनाळ्याच्या बाजूला कापसातून सरकी काढणारं एक सहकारी जिनिंग नुकतंच सुरू झालं होतं आणि सुधाकर तिथे कारकून होता, अजून कायम न झालेला. काम नवं, माणसं नवी. कापसाची गाडी आली की एक जण म्हणे इकडे आण, दुसरा म्हणे तिकडे ने! शेवटी अध्यक्ष उकंडरावांनी हुकूम सोडला, "गाडी कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाईन, याचा तक्ता काढ बे! चौकोनात टेबल, बाणानं वाट. वजनाचा काटा, कापसाची प्रत, पावती, तिन्ही टेबलांपाशी टांग!"

सुधाकरचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळाल्यासारखं. त्यामुळे तक्ते काढले त्याच्या बायकोनं, शरयूनं. त्यांचं लग्न होऊन चार महिनेही झाले नव्हते. तिनं ठसठशीत अक्षरात चौकोन भरले, बाण काढले आणि कोपऱ्यात एक नाजूक वेल सोडली.

पण उकंडराव दर सभेहून नवं शहाणपण घेऊन येत. "पहिले काटा, मंग कापसाची प्रत पाहा!" पुढच्या सभेनंतर, "पहिले प्रत, मंग पावती!" त्याच्या पुढच्या सभेनंतर, "पहिले पावती, मंग काटा!" नियम बदलला की सुधाकर कोरे कागद शरयूपुढे ठेवी आणि म्हणे, "नवीन पायजे." एवढंच! बायकोशी जास्त बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल होत. शरयू काही न विचारता पुन्हा काढायला बसे. वेलीवर एकदा पोपट बसला, मग कमळं उमलली, मग चक्क मोर आला. पुढे मोराचाही नियम बदलला.

भिंतीवरून उतरलेले तक्ते सुधाकर कपाटात ठेवी. पाठीवर तारीख, कोणत्या सभेत काय बदललं, सगळं लिहून. फक्त एक काम राहून जाई. तक्त्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा असे. सुधाकर शिक्का शाईत बुडवी, हात वर नेई आणि पोपटाकडे बघून खाली ठेवी. एवढ्या गोड पोपटाच्या डोक्यावर रद्द? छे!

आणि मग जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. सुधाकरचं कायम होणं त्यांच्याच हाती होतं. तो त्यांना आणायला एसटीवर गेला, आणि इकडे शिपाई निवृत्तीनं हौसेनं भिंतींना चुना मारता मारता तिन्ही चालू तक्त्यांनाही मारला!

"कपाटातले लाव बे लवकर!" उकंडराव ओरडले. निवृत्तीनं कपाट उघडलं. रद्द एकावरही लिहिलेलं नाही! साहेबांपुढे शोभा दिसावी म्हणून त्यानं एकीकडे पोपटाचा लावला, एकीकडे कमळाचा, एकीकडे मोराचा. उकंडरावांनी सगळ्यांना दम भरला, "आज तक्त्याच्या बाहेर कोणी पाऊल टाकलं तं माह्याशी गाठ हाये!"

सुधाकर साहेबांना घेऊन आला आणि तसाच त्यांच्या चहाच्या मागे लागला. साहेब ओसरीवर बसले आणि पहिली गाडी आली ती गोजरबाईची. बाई स्वतः गाडी हाकत होत्या.

प्रतीच्या टेबलावर पोपट होता. "मावशी, पहिले काटा करून आणा." काट्यावर मोर होता. "पहिले पावती आणा." पावतीच्या टेबलावर कमळं. "पहिले प्रत पाहून या."

बाई निघाल्या. मागून आणखी गाड्या लागल्या. आवारात गाड्यांचा गोल फिरू लागला.

"पाहा साहेब, कशी शिस्त हाये!" उकंडराव फुलून गेले.

"या बाई मघाशी गेल्या ना?"

"त्या... त्याईच्या भैनी असतीन, साहेब!"

तेवढ्यात बहिणीनं गाडी ओसरीसमोर उभी केली आणि बैल सोडले. "ओ साहेब! मी कापूस विकाले आली का बैलाईले गाव दाखवाले? आता गाडी इथंच राहीन. तुमचे टेबलं फिरवा माह्याभोवती!"

सुधाकर धावला. पोपट दिसला, कमळं दिसली आणि त्याचा चेहरा निवृत्तीच्या भिंतीपेक्षा पांढरा झाला. तक्ते उतरवून त्यानं साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी डोळे बारीक करून पाठीवरच्या तारखा वाचल्या.

"नोंदी उत्तम आहेत. मग रद्दचा शिक्का का नाही?"

खांबाआड निवृत्ती चुन्याची बादली लपवत होता. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं.

"निवृत्तीची चूक नाही, साहेब. शिक्का म्याच नाही मारला."

"काऊन?" उकंडराव गरजले.

"घरून काढले हायेत. मारू मारू म्हनलं, पन... मन नाही झालं."

गोजरबाईंनी वाकून पोपट पाहिला. "घरून म्हंजे बायकोनं? चांगली पोरगी भेटली रे तुले!"

साहेबांनी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं हसू लपवलं. "शिक्का मारायचाच. पाठीवर मारा, कोपऱ्यात मारा, पण मारा. आणि उकंडराव, याला कायम करून टाका."

संध्याकाळी शरयू भाकरी थापत होती. सुधाकरनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हंजे... नियम बदले म्हून नवे तक्ते लागत होते?"

"मंग काऊन?"

"मले वाटे, तुमाले पसंतच पडत नाही! म्हून तं एक डाव पोपट काढला, एक डाव मोर..." तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं.

सुधाकर चुलीपाशी मटकन खाली बसला. आणि मग तो बोलायला लागला. उकंडरावांच्या सभा, काटा, निवृत्तीचा चुना, गोजरबाईंचे बैल. लग्न झाल्यापासूनचं साठलेलं सगळं! शरयू गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत राहिली.

तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाल्यावर धूर नाकात गेला. पीठ तेवढंच होतं. त्या रात्री दोघांनी ठेचा आणि कांदा खाल्ला, आणि "पोट भरलं" असं एकमेकांना अगदी गंभीरपणे सांगितलं!