एकशेवीस चंद्रांचा तह

श्री. सूर्य आणि चंद्र, या उभय मोजणारांस नमस्कार असो. आज्ञा जाहली की, पश्चिमेच्या टोपीकरांनी पूर्वेस धर्मयुद्ध मांडिले, त्यात गव्हाच्या खोऱ्याची हकीकत कशी वर्तली, ते लिहून पाठविणे. त्यावरून बहुत ऐकिले. पैकी ज्याचा ताळा पडला तितकेच लिहिले आहे.

शके अकराशे पंचेचाळीस, सुभानुनाम संवत्सरी, पश्चिमेचा एक राजा, छातीवर तांबड्या कापडाचा क्रूस शिवून, पवित्र नगर घेतो अशी प्रतिज्ञा करून जहाजांत बसला, आणि चार हजार माणूस बरोबर घेतले, आणि किनाऱ्यास उतरल्यावर नगर डाव्या हातास की उजव्या, याचा सरदारांत वाद पडला, आणि वाद मिटेना म्हणून समोर टेकडीवर एक ओस किल्ला दिसला तोच घेऊन बसला. मग ऊन आणि जुलाब या दोन शत्रूंनी फौज निम्मी केली. पलीकडच्या टेकडीवर अमीर बद्रान यांचा किल्ला होता, आणि त्यांचेही लोक थकले होते, आणि मधल्या खोऱ्यात गहू आणि एकच गोड विहीर. तेव्हा वैशाख शुद्ध द्वितीयेस, सायंकाळी चंद्राची कोर दिसली असता, तह जाहला. तहाची कलमे ऐशी की, गहू निम्मा निम्मा, विहीर दोघांची, मुदत दहा वर्षे, आणि मुदत सरल्यावर शंभर दिवसांत कोणी युद्धाचे रणशिंग न फुंकिले, तर तोच तह आणखी दहा वर्षे आपोआप चालावा. राजाचा लेखक तापाने पडला होता म्हणून तहनामा अमिरांच्या लेखकाने आपल्या भाषेत आणि आपल्या सनाने लिहिला. राजास तो वाचता येईना, परंतु “अक्षर झकास आहे!” म्हणून मोहर केली, आणि क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली की, माझ्या लोकांपैकी जो हा तह मोडील तो धर्मद्रोही. मग राजा स्वदेशी गेला.

मागे किल्लेदार ओदो राहिले, ते युद्धास आले होते परंतु नासपतीची झाडे लावून बसले. आणि एर्मेसिंदबाई राहिल्या, त्या धर्मास वाहिलेल्या, किल्ल्याचे इस्पितळ चालवीत. बाई बोलत थोडे आणि मोजीत फार. कोणत्या रोग्यास ताप कितव्या दिवशी उतरला, काढा किती थेंब दिला, आणि चंद्र कितवा, हे सर्व पाटीवर असे. खोऱ्याच्या गव्हावर त्यांचे चाळीस रोगी जगत, त्यात अमिरांकडीलही असत. पलीकडे शेख यूनुस होते, ते नमाजाच्या वेळा आणि महिने मोजीत. त्यांचे वर्ष बारा चंद्रांचे. आम्ही सूर्याशी मेळ राहावा म्हणून अधिक मास घालितो, तसा ते घालीत नाहीत. म्हणून त्यांचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवस लहान.

मग शके अकराशे चौपन्न, माघ शुद्ध तृतीयेस शेख आणि बाई विहिरीवर भेटले. शेख म्हणाले, “बाई, काल कोर दिसली?”

“दिसली.”

“कितवी?”

“शेखजी, मोजणारे आपण. आपण सांगा.”

“माझे डोळे अधू जाहले.”

“माझी पाटी फुटली,” बाई म्हणाल्या. पाटी काखेत होती. मग उभयतां आपापले पाणी घेऊन गेले आणि कोणासही काही बोलिले नाहीत.

पुढे शके अकराशे पंचावन्न, विजयनाम संवत्सरी, वैशाख वद्य षष्ठीस राजाचे वकील तेबाल्द जहाजातून उतरले आणि हुकूम दाखविला की, उद्या दहा वर्षे पुरी होतात. उद्याच रणशिंग फुंकावे, खोरे जाळावे आणि शत्रूस उपाशी मारावे. गहू पिवळा होऊन विळ्याची वाट पाहत होता. किल्लेदार काकुळतीस येऊन म्हणाले, “वकीलसाहेब, आठ दिवस द्या हो! कापून घेऊ, मग काय जाळायचे ते जाळा.”

“तुम्ही येथे धर्मयुद्धास आलात की शेती करण्यास?”

“आलो धर्मयुद्धासच. पण पोटही बरोबर आले ना!”

“ते तर दिसतेच आहे,” वकील त्यांच्या कमरपट्ट्याकडे पाहून म्हणाले.

सप्तमीस सकाळी शिंगवाला बुरुजावर चढला, मशाली पेटल्या, आणि बाई तहनामा घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, “उशीर जाहला.”

“कशास उशीर? आजच दहा वर्षे.”

“सूर्याची आज. कागदावर सन अमिरांचा आहे. एकशेवीस चंद्र माघात पुरे जाहले. त्यास एकशेनऊ दिवस होतात. शंभरांत कोणी फुंकिले नाही. नऊ दिवसांपूर्वी तह नवा जाहला.”

वकील तांबडे जाहले. म्हणाले, “शेखास बोलवा, आणि ही बाई आत बसो.” मग शेखांस दरवाजाशी उभे करून विचारिले की, मुदत सरून किती दिवस जाहले? शेखांनी बोटांवर मोजिले आणि म्हणाले, “एकशेनऊ.”

“तुम्हा दोघांस ठाऊक होते, तर शंभर दिवस मुके का बसला?”

शेख म्हणाले, “मी विचारिले होते. बाईंची पाटी फुटली होती.”

किल्लेदारास हसू आले ते त्यांनी खोकल्यात घातले. वकिलांनी तहनामा उलटा धरिला, सुलटा धरिला. अक्षर कळेना, पण मोहर आपल्याच राजाची, आणि शपथ क्रुसावरची. मोडावी तर आपणच धर्मद्रोही. बुरुजावरून शिंगवाला ओरडला, “फुंकू की उतरू? गाल दुखतात!”

“उतर,” वकील म्हणाले.

“उतरू नको, फुंक!” किल्लेदार ओरडले. “पण जेवणाचे फुंक!”

मग मशाली विहिरीत विझविल्या, त्याबद्दल शेख रागावले, आणि दुसरे दिवशी विळे लागले, आणि गहू निम्मा निम्मा वाटिला, आणि वकिलांनी नव्या गव्हाची भाकरी खाऊन राजास लिहिले की, शपथ राखिली, धर्म राखिला. ते खरेच होते.

ज्येष्ठात कोर दिसली, तेव्हा विहिरीवर शेखांनी विचारिले, “बाई, नव्या तहाची ही कितवी?”

माघापासून ती पाचवी होती. बाई जन्मात मोजण्यास चुकल्या नव्हत्या. त्यांनी पाटी पुसली आणि म्हणाल्या, “पहिली.”

शेखांनी तसेच लिहिले, आणि तह चार चंद्र लांबला. एवंच, विजयनाम संवत्सरी विजय कोणाचाही न होता चाळीस रोगी जेवले. इतकी हकीकत मोजून, पुन्हा मोजून, पुरी केली असे.