संपर्कासाठी विहिरीवरची मोटर

माणसानं स्वतःच्या पायानं कुठंही चालत जाणं हे मागासलेपणाचं पहिलं लक्षण आहे, ही गोष्ट आता बारामती तालुक्यात तरी सर्वमान्य झालेली आहे. पिंपळीचे दादासो त्या मानानं फारच पुढारलेले. घरापासून विहीर दोनशे पावलांवर. त्यांचे वडील सावळाराम आबा पन्नास वर्षं ती दोनशे पावलं चालून मोटर चालू-बंद करत आले, आणि त्याचा परिणाम म्हणून सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना ना साखर, ना दम, ना गुडघेदुखी. (अशा माणसाला गावचा डॉक्टरसुद्धा ओळखत नाही.) ही परवड दादासोंनी थांबवली.

त्यांच्या घरी आजमितीला कार्यरत असलेली यंत्रणा अशी : फाटकावर एक, गोठ्यात दोन आणि त्या तीन कॅमेऱ्यांवर नजर ठेवायला एक, असे चार कॅमेरे. म्हशीच्या गळ्यात एक पट्टा. म्हस बसली की तो दादासोंच्या फोनवर 'म्हस बसली आहे' असं कळवतो. (म्हस समोरच असते.) उसात ओल मोजणारी काठी, जी पाऊस पडून गेल्यावर पाऊस पडल्याचं तत्परतेनं सांगते. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर.

त्यात सिमकार्ड असतं. एकदा फोन केला की मोटर चालू, पुन्हा केला की बंद. दर वेळी आतून एक बाई अदबीनं सांगते, "मोटर चालू झाली आहे. धन्यवाद." किंवा, "मोटर बंद झाली आहे. धन्यवाद." दादासोंशी एवढ्या अदबीनं त्या घरात दुसरं कुणी बोलत नसे, म्हणून ते दिवसातून चौदा वेळा तिला फोन करत. ही मोटर खरं तर फक्त मालकाच्या फोनला दाद देते. पण टपरीवर कुणाचाही फोन घेऊन 'हितनं मोटर लावून दाखवतो' म्हणता यावं म्हणून दादासोंनी ती 'सर्वांसाठी खुली' करून ठेवली होती. उलट मोटारीच्या खोलीला मात्र, सुरक्षितता म्हणून, फोनवरून उघडणारं कुलूप बसवलं. म्हणजे चोराला दार बंद आणि जगाला मोटर उघडी. हल्ली याला नियोजन म्हणतात.

तर अशा घरात सोनलचं लग्न ठरलं. सोनल ही दादासोंची एकुलती एक लेक. मुलगा पळसदेवचा, दीपक. त्याचे वडील विजयसिंहराव म्हणजे मानपानाला कडक माणूस.

पत्रिका छापायच्या नाहीत, ॲपवर करायची, असा ठराव दादासोंनी मांडला आणि एकट्यानंच मंजूर केला. पत्ता लिहिणं जुनाट, म्हणून पत्त्याच्या जागी स्कॅन करायचा चौकोन. आणि संपर्काचा नंबर ॲपनं आपणहून भरला, 'कुटुंबातील सर्वाधिक संपर्कातील व्यक्ती' शोधून. त्यांच्या बायकोला, रेश्माला, शंका आली.

"अवं, ह्यो नंबर कुणाचा? तुमचा न्हाय, माजा न्हाय."

"ॲपनं घेतलाय त्यो. ॲप चुकत आसतं व्हय?"

"आन आपुन?"

"आपुन चुकतो, म्हनून तर ॲप."

पत्रिका चारशे बारा फोनांवर गेली.

पुढचे पंधरा दिवस फार कुणी फोन केला नाही. ज्यांनी केला, त्यांना बाई म्हणाली, "वीजपुरवठा उपलब्ध नाही. धन्यवाद." कारण त्या आठवड्यांत शेतीची लाईट रात्रपाळीला होती. पै-पाहुण्यांनी मात्र दादासोंची लाईट तोडली असा अर्थ काढला आणि हळहळले. (आहेरात चार्जिंगचे सात दिवे आले, त्याचं कारण हेच.) लग्नाच्या दिवशी गैरसोय नको म्हणून दादासोंनी वायरमनच्या हातापाया पडून दिवसाची थ्री फेज मिळवली. माणसानं स्वतःचं वाटोळं करायचं ठरवलं की सरकारी खातंसुद्धा वेळेवर काम करतं.

मांडव घातला होता ऊस तुटून गेलेल्या रानात. धुरळा बसावा म्हणून चार दिवसांपूर्वी तिथं पाणी सोडलं होतं, आणि पाईपलाईनचा कॉक तसाच त्या रानाकडं उघडा होता.

मुहूर्त बारा पस्तीसचा. दहा वाजल्यापासून पाहुणे निघाले. चौकोन स्कॅन करता येणारे पोचले. ज्यांना येत नव्हतं, म्हणजे मामा, मावश्या, चुलते, थोडक्यात ज्यांच्याशिवाय लग्न लागत नाही असे सगळे, त्यांनी रस्ता विचारायला खालच्या नंबरावर फोन लावला. पहिल्या फोनला मोटर चालू. दुसऱ्याला बंद. तिसऱ्याला चालू. अकरापर्यंत एकशे सदतीस फोन झाले. सदतीस विषम आहे, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

पाणी आधी गालिच्याखाली शिरलं, मग रांगोळीवर, मग आचाऱ्याच्या चुलवणात. मांडववाले राजमहंमदभाई विजार वर खोचून आले.

"दादासो, मांडव माजा हाय. तळं कुनाचं हाय?"

दादासोंनी छातीवर हात ठेवला, खिशातनं फोन काढला आणि ओळखीच्या आत्मविश्वासानं मोटारीला लावला. बिझी. पुन्हा लावला. बाई म्हणाली, "मोटर चालू झाली आहे. धन्यवाद." कारण मधल्या मधे कऱ्हाटीच्या मावशींनी ती बंद केली होती.

एवढ्यात पळसदेवच्या गाड्या आल्या. विजयसिंहराव उतरले ते घोट्याएवढ्या चिखलातच.

"अकरा फोन केले म्या! दर टायमाला एक बाई धन्यवाद म्हनती आन ठिवती. आमी लगीन लावाय आलोय का हापिसात दाखला काढाय?"

"व्याही, तांत्रिक अडचन हाय जरा…"

"आमचं जुनं गाव धरणाच्या पान्यात गेलं. तवा सरकारनं बी आदी नोटीस दिलती! मुहूर्तापर्यंत कोरडी जागा दावा, न्हायतर गाड्या माघारी फिरवतो."

दादासो विहिरीकडं पळाले. (दोनशे पावलं. पावलं मोजणाऱ्या घड्याळानं हातावर थरथरून अभिनंदन केलं.) मागनं आबा आले, ते न पळता त्यांच्याबरोबरच पोचले. मेन स्विच आत, कॉक आत, दाराला ते कुलूप. दादासोंनी फोनवर बोट ठेवलं. कुलपानं, अनोळखी घाई पाहून, खात्रीसाठी चार आकडी ओटीपी पाठवला. कुठं पाठवला? कुटुंबातल्या सर्वाधिक संपर्कातील व्यक्तीला. तो आत, मोटारीच्या सिमवर, सुखरूप पोचला.

"उगड की," आबा म्हणाले.

"ओटीपी मोटारीला गेलाय."

"मग विचार तिला."

तेवढ्यात सोनल आली. शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, मुंडावळ्या कानामागं. तिनं बापाच्या हातातनं फोन घेतला, पत्रिकेचं ॲप उघडलं. यादी समोरच होती : एक, मोटर. दोन, कुलूप कंपनीचं मदत केंद्र. तीन, कॅमेरावाला. चार, डेअरी. पाच, म्हशीचा पट्टा. सहा, रेश्मा. सोनल अकरावी. तिनं यादी दोनदा वाचली.

"आप्पा, म्हशीचा पट्टा पाचवा. मी अकरावी व्हय?"

दादासोंनी खुलासा करायला तोंड उघडलं.

सोनल माघारी गेली आणि हळद कुटायला मांडलेलं, आंब्याची पाच पानं बांधलेलं मुसळ घेऊन आली. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. पडता पडता त्यानं फोनवर कळवलं : 'दार यशस्वीरीत्या उघडले आहे.' तिनं मेन स्विच खाली ओढला. मोटर थांबली. बाईला धन्यवाद म्हणायला सवड मिळाली नाही.

विजयसिंहराव बांधावर उभे राहून हे पाहत होते. मग मागं वळून म्हणाले, "गाड्या हितंच ऱ्हाऊ द्या. आमच्या दीपकनं बी घरात आसलीच कुलपं लावल्याती."

लग्न सतरा मिनिटं उशिरा, घोट्याभर पाण्यात लागलं. अक्षता तरंगत तरंगत पळसदेवच्या मंडळींच्या पायाशी गेल्या.

आता दादासो सोनलला रोज फोन करतात. ताज्या आकडेवारीनुसार ती अकराव्यावरून चौथ्या क्रमांकावर आलेली आहे. मोटर अजून पहिलीच आहे, पण फरक घटतो आहे.

या प्रकाराला हसणाऱ्या वाचकांनी आधी आपला फोन उघडावा आणि आपण आई-बापाला महिनाभरात किती वेळा फोन केला ते मोजावं. (फोन तसाही हातातच असेल.) आकडा चांगला निघाला तर खुशाल हसावं. नसेल, तर एवढंच ध्यानात घ्यावं, की दादासो ज्याला फोन करत होते, त्यातनं निदान पाणी तरी येत होतं.