परबचा मागचा पास

आमच्या नाहूरच्या सोसायटीत परबच्या पुढे कुठेही उभं राहावं, मागे राहू नये. हातातली वस्तू हा माणूस न बघता मागच्याकडे सोडून देतो. गणपतीत प्रसादाच्या रांगेत त्याने नारळ असाच मागे सोडला, तो थेट सेक्रेटरी कुलकर्ण्यांच्या अंगठ्यावर. वर त्यांनाच ऐकवलं, "हात तयार ठेवायचे ना साहेब. बघून काय, कोणीपण देईल."

परब भारताकडून रग्बी खेळलाय. सोसायटीला ते धड कळलेलं नाही. सत्कारात कुलकर्ण्यांनी 'आंतरराष्ट्रीय कबड्डीपटू' म्हणून शाल घातली, तेव्हा परबने माइक धरला तो सोडेचना. "चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही. स्वतः पुढे पळायचं, पास मागे द्यायचा. मागे आपला माणूस असतोच."

"म्हणजे आपल्या रीडेव्हलपमेंटसारखंच की," जोशीकाकू म्हणाल्या. "पळतात सगळे, जातंय मागे."

त्याच्या करिअरची वाट मात्र दुखापतींनी लावली. कोलंबोच्या पहिल्याच सामन्यात खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं तर बँकॉकला गुडघा गेला. वर्षभर घाम गाळून पठ्ठ्या संघात परतला आणि तोच गुडघा पुन्हा गेला. संपलं. "टीम मॅच खेळायची, मी एक्स-रे काढायचो," असं तो हसत सांगतो. अवयवांना गावांची नावं आहेत. "आज बँकॉक जाम ठणकतोय रे," म्हणत जिना उतरतो. लग्नाचं विचाराल तर म्हणतो, मुलगी बघायला जायच्या वेळी मी नेमका प्लास्टरमध्ये. आई होती तोवर घर होतं. आता एकटाच असतो.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला. परब टाळत राहिला. "बँकॉक काढला तर माझ्याकडे उरलं काय?" मग त्याचं खाली येणंच बंद झालं, तेव्हा मी वैतागून वर गेलो.

दार उघडं होतं. परब ओट्याशी पाठमोरा उभा राहून चहा पीत होता. मी आल्याचं त्याला कळलं नव्हतं. चहा संपला तसा त्याने रिकामा कप न बघता मागे दिला. कप लादीवर खणखणत गेला. स्टीलचा होता. ओट्याला धरून, कण्हत तो वाकला आणि त्याने कप उचलला. मी मांडणीकडे पाहिलं. काचेचं एकही भांडं नव्हतं.

"ऑपरेशन का करत नाहीस रे?"

तो दचकला. कप विसळत बसला. मग म्हणाला, "बरोबर घरचं माणूस आणा म्हणाले. कोणाला नेऊ?"

"मी काय मेलोय?" मी ओरडलोच. राग त्याचा आला होता की माझा, कोण जाणे.

ऑपरेशनच्या दिवशी व्हीलचेअर मीच ढकलत होतो. थिएटरच्या दाराशी नर्स म्हणाली, घड्याळ काढून ठेवा. परबने घड्याळ काढलं आणि समोर बघतच हात मागे केला. मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"आहेस ना रे?"

"आहे."

घड्याळ देऊन झालं, तरी त्याचा हात तसाच मागे राहिला. मग मी तोही धरला.