सत्काराचा गुण्या

मोहाडीचे बाबुलाल सर गणित शिकवून निवृत्त झाले, तेव्हा शाळेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि हातभर लांबीचा पितळी गुण्या दिला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. हा मात्र सागवानी स्टँडवर उभा होता आणि त्यावर ‘अचूकतेचे उपासक’ असं कोरलेलं होतं. (निवृत्त माणसाला असलं काही कोरून देऊ नये. तो ते खरं मानतो.)

रिकाम्या वेळात सुतारकाम करायचं म्हणून सरांनी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, घेतला आणि मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, मांडला. पहिलं काम घरातूनच आलं. सरांच्या बायकोचा, सुमनबाईंचा, धाकटा भाऊ अतुल लाखांदूरला घर बांधत होता. त्याच्या गृहप्रवेशाला आईचा, म्हणजे कैलासवासी धुरपताबाईंचा, एकुलता एक फोटो समोरच्या खोलीत लागावा, अशी सुमनबाईंची फार इच्छा होती.

“चौकट तुमीच करा जी,” त्या म्हणाल्या. “आईले जिवंतपणी तुमचं काहीच पटलं नाही. हे तरी पटन.”

सर पेटले. चौकटीच्या चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशांत कापायची. त्यासाठी मशीनसोबत मायटर गेज येतो. तो टेबलाच्या खाचेतून सरकतो आणि लाकडाला हव्या त्या कोनात धरून पात्याकडे नेतो. सरांनी आधी गेज शून्यावर, म्हणजे काटकोनात, आणून त्याला सत्काराचा गुण्या लावून पाहिला. मधून उजेड दिसला.

“वाकडा!” सर म्हणाले. त्यांनी स्क्रू ढिला केला, गेज गुण्याबरहुकूम ‘सरळ’ केला आणि पट्ट्या कापल्या. चौकटीचे तीन कोपरे जुळले. चौथा आ वासून राहिला.

गृहप्रवेशाचं निमंत्रण घेऊन आलेल्या अतुलच्या हातात सरांनी तो गेज ठेवला. “भंगारात टाक. मशीनसोबतचे गेज असेच असतात. चांगला वेगळा घ्यावा लागते.”

अतुलनं तो थैलीत टाकला. (अतुल आयुष्यात काहीही टाकत नाही, हे सरांना माहीत असायला हवं होतं.)

मग सर चांगला गेज पाहायला लागले. मोबाइलवर व्हिडिओ, लोकांचे अभिप्राय, परत व्हिडिओ. वरणाला फोडणी बसली तरी मान वर होईना.

“गेज पाहून राहिले का जावई?” सुमनबाईंनी विचारलं.

“जावई एकदाच पाहा लागते,” सर म्हणाले. “गेज रोजचा असते.”

पहिला आला तो खाचेत डगडगत होता. दुसरा खाचेत शिरलाच नाही. दोघांना नकार कळवला. तिसरा लाल ॲल्युमिनियमचा होता, खाचेतून असा सरकला की सरांनी तो उगाचच चारदा सरकवून पाहिला. मग त्यांनी गुण्या लावला. उजेड!

“हाही वाकडा! जगात कोणाले नव्वद अंश येत नाही का?” सरांनी स्क्रू ढिला केला, सरळ केला, पट्ट्या कापल्या. चौथ्या कोपऱ्यानं पूर्वीइतकाच आ वासला.

आता सरांचा जगावरून विश्वास उडाला. त्यांनी घरचं कपाट तपासलं, वाकडं. शेजाऱ्याची खिडकी, वाकडी. शेवटी दुपट्ट्यात गुण्या गुंडाळून ते एसटीनं लाखांदूरला गेले आणि अतुलच्या समोरच्या दाराला तो लावला. दारही वाकडं निघालं! सरांनी दाराची बसलेली चौकट उखडून गुण्याप्रमाणे परत बसवायला लावली. गवंडी काही बोलू पाहत होता, पण सरांनी त्याला काटकोनाची व्याख्या विचारली.

गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी सुमनबाई सपरीत येऊन बसल्या. फोटो मांडीवर, अजून खाकी कागदात गुंडाळलेला.

“आई उद्या कागदातच जाईन का?” त्यांनी विचारलं.

सरांना खरंच वाईट वाटलं. “मी काय करू? दोन-दोन गेज वाकडे निघाले.”

सुमनबाईंनी डोळे पुसले. त्या अंगणवाडीत शिकवायच्या; जन्म कागदाच्या घड्या घालण्यात गेला. त्यांनी फोटोवरचा कागद काढला, एकदा दुमडला, घडीवर घडी ठेवून परत दुमडला आणि झालेला कोपरा गुण्याच्या कोपऱ्यात बसवला. मधून उजेड दिसला.

“कागद वाकडा असन,” सर म्हणाले.

सुमनबाईंनी दुसरा कागद दुमडला. मग पेपर. मग सरांची सत्काराची शालसुद्धा. उजेड तोच.

“अवो, गुण्याच वाकडा हाय. शोभेची वस्तू हाय ते! काहून लावून राहिले जिकडेतिकडे?”

सरांनी गुण्या ‘अचूकतेचे उपासक’ हे शब्द खाली येतील असा पालथा ठेवला. मग त्यांनी लाल गेज कागदाच्या घडीला लावून जुळवला आणि नव्या पट्ट्या कापल्या. चौकटीचे चारही कोपरे गपकन मिटले. सुमनबाईंनी आईला चौकटीत बसवलं आणि सरांकडे असं पाहिलं की सर लाजले.

गृहप्रवेशाला फोटो दाराशेजारच्या भिंतीवर लागला.

“फोटो तिरपा लागला जी,” येणारा प्रत्येक पाहुणा म्हणाला. फोटो सरळ होता. दार तिरपं होतं.

“भाऊजी, चौकट बदलली तवापासून दार लागूनच नाही राहिलं,” अतुल म्हणाला. “बकऱ्या घरात येऊन राहिल्या.”

सुमनबाईंनी आपल्या थैलीतून पितळी गुण्या काढला आणि ढकललेल्या दाराखाली पाचर म्हणून ठोकला. अगदी गच्च बसला. अख्ख्या जिल्ह्यात त्याला मिळतंजुळतं तेवढं एकच दार होतं.

सर हळूच एसटीकडे निघणार, तेवढ्यात अतुलनं माइक हातात घेतला. “आमच्या भाऊजींनी घराकडे जातीनं लक्ष देल्लं, म्हणून त्यांचा सत्कार!” शाल आली, श्रीफळ आलं आणि लाल कागदातलं स्मृतिचिन्ह आलं.

सागवानी फळीवर, घासूनपुसून चकचकीत केलेला, काटा शून्यावर आणलेला सरांचाच जुना मायटर गेज. खाली पाटी होती: ‘अचूक मार्गदर्शनाबद्दल’.

टाळ्यांच्या गडबडीत सरांनी खिशातून कागदाची घडी काढून त्याला लावली. उजेड नाही. गेज पहिल्या दिवसापासून अचूक होता. सरांनी तो हलवून पाहिला.

“हालत नाही भाऊजी,” अतुल अभिमानानं म्हणाला. “कायमचा चिकटवला. तुमी परत सरळ कराल म्हणून.”