एक्केचाळीस तक्रारींचं प्रकरण

"ज्याच्या नुसत्या चाहुलीने गुन्हेगारांना घाम फुटतो, तो मीच!" साहेबांनी माझ्या ताईला स्वतःची ओळख करून दिली. साहेब खासगी गुप्तहेर, मी त्यांचा सहायक. त्यांना ताईच्या ऑफिसात आणलं मीच, तेव्हा शिव्या घालायच्या तर मला घाला.

ताईने तीन वर्षं खपून एका तर्कभाषेचा, म्हणजे दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणाऱ्या संगणकभाषेचा, प्रोग्राम लिहिला होता. त्याला माहिती द्यायची, प्रश्न विचारायचा, तो 'हो' किंवा 'नाही' सांगतो. प्रश्नच वेडगळ असेल तर तक्रार करतो. तो त्या भाषेच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे वागतो का, हे एका त्रयस्थाने छापील यादीतले तीनशे प्रश्न विचारून तपासायचं होतं; तो त्रयस्थ म्हणून मी साहेबांना आणलं. त्या संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल गेला नाही तर ताईचं काम कायमचं बंद होणार होतं.

दुपारी साहेब गरजले, "एक्केचाळीस गुन्हे! एक्केचाळीस वेळा उत्तर सोडून नुसती तक्रार!"

ताईचा चेहरा उतरला. "कोणत्या प्रश्नांना? यादी दाखवा ना."

"संशयिताला पुरावा दाखवत नसतात."

"संशयित? मी?"

"तूर्तास."

साहेबांचा पहिला तर्क: शेजारच्या कंपनीचा घातपात. पुरावा काय, तर त्यांचा पहारेकरी दोनदा हसला. दुसरा: यंत्र रुसलंय. साहेबांनी अर्धा तास त्याची समजूत काढली. तिसरा: ताईनेच स्वतःचं काम बुडवलं, कारण 'ती जरा जास्तच निरपराध दिसते'. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला साहेबांचा गळा धरावासा वाटला, पण सहायकाला तेवढे अधिकार नसतात.

चारला प्रिंटर दुरुस्त करणारे काका आले. साहेबांच्या हातातल्या यादीकडे बघून म्हणाले, "अहो, हा कागद आडवा घालायचा. उजवा रकाना छापलाच गेला नाहीये." आणि त्यांनी यादी पुन्हा छापून दिली.

उजव्या रकान्यावर लिहिलं होतं, 'अपेक्षित उत्तर'. ताईने भराभर बोट फिरवलं. त्या एक्केचाळीसही प्रश्नांपुढे एकच उत्तर होतं: 'तक्रार करावी'.

"अक्षराला दोनने भागायला सांगितलं तर तो तक्रारच करणार ना!" ताई किंचाळली. "बरोबर उत्तरांना गुन्हे म्हणत बसलात दिवसभर!"

साहेबांनी शांतपणे वही मिटली. "गुन्हेगार सापडला. प्रिंटर."

"गुन्हेगार माझ्या खुर्चीत बसलाय," ताई म्हणाली. "उठा आधी! काकांना बसू द्या. मला त्रयस्थ माणूस हवाय, आणि पाचच्या आत तीनशे उत्तरं ताडून खुणा करायच्यात."